शिदू तात्यांच्या दगडी टोपल्या

प्रिय सई आणि मिहिर,

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तुमच्या शहरातल्या त्या जुन्या इमारतीच्या दारावर दगडात कोरलेली टोपली आहे, तीत द्राक्षं आहेत, नासपती आहेत, आणि खाली भिंतीवर एक पितळी फलक आहे. मिहिरनं तो वाचून कळवलं की टोपली कोरणाऱ्या माणसाचं नाव आणि गाव त्यावर लिहिलेलं आहे. सईनं विचारलं, "आजी, तुझ्याकडे असं काही आहे का?"

हा प्रश्न वाचून मी दोन दिवस चिडून घरात फिरले. तुमच्यावर नव्हे. मग तिसऱ्या दिवशी टेबल आवरलं, पेनात शाई भरली आणि लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण इंग्रजीत मला नीट चिडता येत नाही. जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्या भाषेत मी अर्ज लिहिले, अहवाल लिहिले, आभार मानले. हे त्यातलं काही नाही. अडेल तिथं तुमच्या आईला विचारा.

बारामतीत, इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमची मुलींची शाळा होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिची नवी इमारत उभी राहत होती. माझं अक्षर चांगलं आणि कागद जागच्या जागी ठेवायची सवय, म्हणून मला बांधकाम समितीची चिटणीस केलं. समितीत मी एकटीच बाई. चहा सांगण्याचं कामही म्हणून माझ्याकडेच होतं.

इमारतीचा आराखडा पुण्याच्या एका तरुण आर्किटेक्टनं काढला होता. पुढच्या पडवीला चार खांब, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडात कोरलेली एक टोपली. कुठल्याशा परदेशी पुस्तकात त्यानं तशा टोपल्या पाहिल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, साच्यात सिमेंट ओतून चार टोपल्या दोन दिवसांत करून देतो. आर्किटेक्ट हटून बसला, दगडच पाहिजे. त्या हट्टाबद्दल मी त्याला अजून मानते. पुढे तो हट्ट करायचा विसरला, ती गोष्ट वेगळी.

दगडासाठी शिदू तात्या आले.

त्यांचं वय साठीच्या आसपास असावं. उंच, हडकुळे, उजव्या भुवईत दगडाची कपची लागून पडलेली खाच, आणि भर एप्रिलातही खांद्यावर घोंगडं. इंदापूर तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. कळप मोडला तेव्हा चाळिशीच्या आसपास ते उजनी धरणाच्या कामावर गेले आणि तिथं एका म्हाताऱ्या पाथरवटाच्या हाताखाली छिन्नी धरायला शिकले. त्यापलीकडे त्यांचं चरित्र मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. खुर्चीवर ते कधी बसत नसत. चहा बशीतच पीत. दगड निवडताना आधी त्यावर पाणी मारून गप्प बघत राहत. सगळा दगड वाळला आणि एखादी ओली रेघ मागे राहिली, की म्हणत, "ह्यो आतून फुटलाय. ठेवा बाजूला."

आणखी एक सवय. चिडले की ते आदरानं बोलायला लागत. तात्या तुम्हाला अरे-तुरे करत असले तर समजावं की सगळं ठीक आहे. अहो आलं की जपावं. 'आपण' आलं की पळावं.

पहिल्या दिवशी आर्किटेक्टनं टेबलावर नकाशा पसरला. तात्या खाली वाकून बघत होते.

"बाई, ह्ये काय हाय?"

"टोपली आहे, तात्या."

"त्ये दिसतंय. पर कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"पाटी, दुरडी, परडी का हारा?"

मी आर्किटेक्टकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्यांना सांगा, नुसती टोपली."

"नुसती टोपली म्या जल्मात बघितली न्हाय," तात्या म्हणाले. "शेतात न्हेत्यात ती पाटी. भाकरी ठेवायची दुरडी. फुलांची परडी. आन् मोठा हारा, वझ्याचा. ह्यातली कुठली?" मग बोट नकाशावर ठेवून, "आन् ह्यात भरलंय काय?"

"ते अननस आहे."

"बारामतीत कोण पिकवतं?"

"कोणी नाही."

"मग चोरून आणलंय जणू."

आर्किटेक्ट हसला आणि तिथल्या तिथं कबूल झाला. चार खांबांवर चार वेगळ्या टोपल्या, आणि आत काय भरायचं ते तात्या ठरवतील. मी हे इतिवृत्तात लिहिलं. तारीख घातली, खाली सह्या घेतल्या. अध्यक्षांचीही सही आहे. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांचीही नातवंडं तुमच्यासारखीच परदेशात आहेत. पण सही आहे, हे लक्षात ठेवा.

काळा दगड इंदापूरजवळच्या खाणीतला. पहिली टोपली तात्यांनी तिथंच, इंदापूरच्या बाजाराच्या वाटेवर एका झाडाखाली कोरायला घेतली. काम कुठवर आलं ते बघायला समितीनं मला एसटीनं पाठवलं. मी पोचले तेव्हा पाटी जवळजवळ झाली होती. दगडात एकेक काडी उमटली होती. मला ती फार सुंदर वाटली आणि मी तसं म्हणालेही.

तो बाजाराचा दिवस होता. डोक्यावर टोपल्यांची उतरंड घेऊन एक म्हातारी चालली होती. ती थांबली. उतरंड खाली ठेवली.

"काय आबा, दगडाची पाटी इनताय व्हय?"

"व्हय."

ती जवळ आली आणि पाटीभोवती फिरत बोटानं उभ्या काड्या मोजायला लागली. एक फेरी झाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवो, सोळा हायत की! ही इनायला घेतली असती तर हातात सुटली असती. दगडाची हाय म्हणून वाचली."

तात्यांचा चेहरा उतरला. मला काहीच कळलं नव्हतं. मग म्हातारीनं आपली एक टोपली पालथी करून मला शिकवलं. आडवी कामटी एका उभ्या काडीच्या वरून जाते, दुसरीच्या खालून. उभ्या काड्या जोडीत असल्या तर दुसऱ्या फेरीलाही ती त्याच काडीच्या वरून जाणार आणि त्याच काडीच्या खालून. मग काडी अडकतच नाही. म्हणून एक काडी नेहमी जास्तीची हवी. सतरा, एकोणीस, काहीही, पण जोडीला एक सुटी.

म्हातारी हसत बाजाराला निघून गेली. तात्यांनी मला नकाशा काढायला सांगितला. मी मोजल्या. सोळाच होत्या. कंपासनं वर्तुळाचे सोळा भाग पाडणं सोपं जातं, हे मी त्यांना समजावलं.

"लहानपणी कोंबड्यांची डालगी इनली म्या," ते म्हणाले. "हाताला ठावं हाय. आन् कागद बघितला तर हाताला इचारलंच न्हाय. माझीच चूक."

"तात्या, खांबावर चढवल्यावर कोणाला कळणार आहे?"

"तिला कळलं," ते म्हणाले.

तीन आठवड्यांचं काम होतं. त्यांनी ती पाटी उलटी केली, तिच्यावर घोंगडं टाकलं आणि बसले. पुढं सगळं काम बारामतीत शाळेच्या आवारात झालं, तेव्हाही तो दगड त्यांनी टेंपोत घालून आणला आणि त्याच्यावर बसूनच चारही टोपल्या, पाटीसुद्धा नव्यानं, केल्या. त्या दिवसानंतर मात्र कागद नाही. आधी तुरकाट्या आणि निरगुडीच्या फोका आणून खरी टोपली विणायची, ती पाण्यानं भिजवून समोर ठेवायची, आणि तिच्याकडे बघत दगड कोरायचा.

मुलींना मधल्या सुट्टीत तिथं जायला मी बंदी केली होती, कपच्या उडतात म्हणून. बंदी कोणी पाळली नाही. तात्या त्यांना हाकलत नसत. पाटीत काय घालायचं हे त्यांनी मुलींनाच विचारलं. एक म्हणाली वांगी, एक म्हणाली हरभऱ्याचा ढाळा, एक म्हणाली चॉकलेट. "चाकलेट दगडात वळखू येत न्हाय, बाय," ते तिला गंभीरपणे म्हणाले. पाटीत वांगी, कणसं आणि ढाळा आला. दुरडीत भाकऱ्या आल्या, एकीवर एक, वरची अर्धी मोडलेली. परडीत झेंडू आणि शेवंती. भाकरीच्या पापुद्र्याला आलेला फोडसुद्धा त्यांनी दगडात काढला होता. मी हात लावून पाहिला होता, म्हणून सांगते.

चौथा हारा. त्यात त्यांनी कोकरू कोरलं.

हाऱ्याच्या काठावर हनुवटी टेकलेलं, दोन्ही कान बाहेर पडलेले, नुकतं जन्मलेलं कोकरू. मुलींनी गलका केला. एकीनं विचारलं, कोकरू टोपलीत कशाला? तात्या म्हणाले, "कळप वाटंनं चालत असतो. वाटंतच मेंढी इती. पिल्लाला त्या दिवशी चालाया येत न्हाय. मग त्येला हाऱ्यात घालायचं आन् हारा घोड्यावर. म्या बी असाच निगालो. आई वाटंतच बाळंत झाली. एका बाजूला कोकरू, एका बाजूला म्या."

मुली हसल्या. तात्याही हसले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, शाळा आमच्या वाट्याला आली न्हाय. कळपामागं कुठली शाळा? ह्ये तरी जाऊ द्या शाळंत."

त्या माणसानं आमच्याकडे एवढं एकच मागितलं. मजुरी वाढवून मागितली नाही, नाव मागितलं नाही. ते कोकरू त्या खांबावर तसंच राहावं, इतकंच.

टोपल्या खांबांवर चढल्यानंतर अध्यक्ष पाहायला आले. पडवीत उभे राहून त्यांनी मान वर केली. पाटी पाहिली, दुरडी पाहिली, परडी पाहिली, आणि चौथ्या खांबापाशी थांबले.

"हे काय? मेंढरू?"

"कोकरू हाय, साहेब."

"मुलींच्या शाळेवर मेंढरू? लोक म्हणतील मेंढरांची शाळा."

"म्हणू द्या की. पोरी काय म्हणत्यात त्ये इचारा."

"काढून टाक ते. तिथं आंबा कर, कलश कर, काहीतरी शुभ कर. तुझं घराणं मिरवायला आम्ही शाळा बांधलेली नाही."

पडवीत आम्ही सगळे उभे होतो. ठेकेदार, आर्किटेक्ट, दोन सभासद, मी. तात्यांनी घोंगडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आपलं बराबर हाय, साहेब," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "आपल्या घराण्यात टोपलीत घालून काय न्हेत हुते, तेवढं आपण सांगावं. त्ये बी कोरून देतो."

एक सभासद खोकला. हसू दाबायला, हे सगळ्यांना कळलं. अध्यक्षांनाही कळलं, आणि मला वाटतं सगळं तिथंच ठरलं. अपमान कोकरानं झाला नव्हता, त्या खोकल्यानं झाला होता.

इतिवृत्ताची वही माझ्या हातात होती. आत काय भरायचं ते तात्या ठरवतील, हा ठराव तिच्यात होता, खाली अध्यक्षांची सही होती. ते पान उघडून त्यांच्यापुढं धरायला मला किती वेळ लागला असता? मी ते उघडलं नाही. आर्किटेक्टही काही बोलला नाही, त्याला त्याच संस्थेचं पुढचं काम मिळायचं होतं. मी निदान कोणाकडून काही मिळवणार नव्हते. मला फक्त गप्प बसायची सवय होती. दोन्हींत वाईट कोणतं, हे तुम्ही ठरवा.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले असताना अध्यक्ष माझ्या टेबलापाशी आले. आवाज एकदम गोड. म्हणाले, "बाई, उद्घाटनाच्या फलकाला चांगला दगड पाहिजे. तात्यांशिवाय दगडातलं कोणाला कळतं? त्यांनी स्वतः इंदापूरला जाऊन दोन दिवस थांबून निवडून आणावा. त्यांना आणि खाणवाल्याला अशी एकच चिठ्ठी लिहा. तुमच्या हातची असली की ते जातील."

मी चिठ्ठी लिहिली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

मला माहीत होतं का, असं तुम्ही विचाराल. कोणी मला काही सांगितलं नव्हतं. पण अध्यक्ष बोलत होते तेव्हा ठेकेदार दाराबाहेर उभा होता आणि त्याच्या पायाशी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा होता. आमच्या इमारतीत पिवळा रंग कुठंच ठरलेला नव्हता. मी तो डबा पाहिला, आणि तरी चिठ्ठीची घडी घातली.

तात्यांनी ती घेतली, घोंगड्याच्या आत ठेवली आणि म्हणाले, "तुमी लिवलंय म्हंजे जातो, बाई."

दोन दिवसांत काय झालं ते सांगते. ठेकेदाराच्या माणसानं शिडी लावली आणि कोकराचे दोन्ही कान छिन्नीनं उडवले. कान गेल्यावर उरलेलं डोकं गोल दिसायला लागलं. त्याला पिवळा रंग फासला आणि देठाला हिरवा ठिपका दिला. आंबा. मग एकट्या हाऱ्यालाच रंग बरा दिसेना, म्हणून चारही टोपल्यांना दिला. वांगी जांभळी, झेंडू केशरी, भाकऱ्या पांढऱ्या, टोपल्या सोनेरी. दगडातल्या प्रत्येक काडीच्या खाचेत ऑइलपेंट जाऊन बसला. कुठली काडी वरून जाते आणि कुठली खालून, ते दिसेनासं झालं. चार सोनेरी मडकी दिसायला लागली. शिक्षकांच्या खोलीत दोघी-तिघी म्हणाल्या, "आता कसं उठून दिसतंय!"

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या टेंपोतून दगड घेऊन आले. दगड खरोखर उत्तम निवडला होता. ते फाटकातून आत आले आणि थांबले. मी पडवीतच होते. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शिडी मागवली, घोंगडं खाली काढून ठेवलं, चौथ्या खांबावर चढले आणि कोकराच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी अंगठे लावून चाचपलं. खूप वेळ. रंग अजून चिकट होता. उतरले तेव्हा अंगठे पिवळे झाले होते.

माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घोंगड्यातून चिठ्ठी काढली.

"बाईसाहेब," ते म्हणाले. "मला वाचाया येत न्हाय. पर आपलं अक्षर म्या वळखतो. ह्ये आपलंच हाय न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं इचारलं. मला वाटलं कुणी दुसऱ्यानं लिवलं आसंल."

चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि गेले. तीस वर्षं मी मुलींना सांगत आले होते की लिहिता-वाचता येणं म्हणजे माणसाच्या हातात बळ येणं. माझ्या हातात ते होतंच. ते मी कोणाच्या कामाला लावलं, ते त्या दिवशी त्या अंगठ्यांच्या पिवळ्या डागांसह माझ्याकडे परत आलं.

उद्घाटनाला ते येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. ते आले. सगळ्यांत मागे, मुलींच्या रांगांशेजारी, जमिनीवर बसले. भाषणं झाली. अध्यक्षांनी ग्रामीण कलेवर वीस मिनिटं बोलून घेतलं. मग माईकवरून म्हणाले, "आमचे कारागीर, शिदोबा, यांचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो आहोत."

तात्या उठले आणि शांतपणे व्यासपीठावर गेले. शाल घेतली नाही, आपल्या घोंगड्याकडे बोट दाखवलं. नारळ घेतला. तो हातात उलटसुलट करून बघितला, दगड बघायचे तसा, आणि अध्यक्षांच्या हातात परत दिला. माईक जवळच होता, त्यामुळे सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

"ह्येला बी पिवळा रंग द्या, साहेब. आंबा हुईल."

सहाशे मुली हसल्या. एकदम, मोठ्यानं, आम्ही त्यांना कधी हसू दिलं नव्हतं तशा. त्यांनी कान असलेलं कोकरू पाहिलं होतं. कोणी त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मुख्याध्यापिका उभ्या राहून हातवारे करत होत्या, मीही उभी राहून 'शू' करत होते, आणि हसू थांबत नव्हतं. प्रमुख पाहुणे शेजाऱ्याला विचारत होते, काय झालं? तात्या तोवर फाटकाबाहेर गेले होते.

फलक आजही आहे. तात्यांनीच निवडलेल्या दगडावर. त्यावर अकरा नावं आहेत, रंगकाम करणाऱ्या दुकानाचंसुद्धा. यादी मी तयार केली होती. पहिल्या यादीत बारा नावं होती, बारावं शिदू तात्यांचं. ती लाल शाईनं काट मारून परत आली आणि मी दुसरी लिहिली. स्मरणिकाही मीच संपादित केली. तीत टोपल्यांबद्दल 'आकर्षक नक्षीकाम' असे दोन शब्द आहेत. दोन्ही माझे. पुढं कोणी अभ्यासक येऊन 'अज्ञात कलाकार' असं लिहील, तेव्हा त्याला हे पत्र दाखवा. अज्ञात कोणी नसतं. आम्ही बसून, ठराव करून, चांगल्या अक्षरात माणसाला अज्ञात करतो.

माफी मागायला मी लगेच गेले नाही. आधी परीक्षा होत्या, मग निकाल. कारणं मला क्रमानं लावता येतात. तीन महिन्यांनी त्यांच्या घरी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "तात्या व्हय? त्ये भिगवणला पुतणीकडं ऱ्हात्यात आता."

मग चार-पाच वर्षं गेली. एकदा सोलापूरला जाताना एसटी भिगवणला थांबली. हमरस्त्याच्या कडेला मासळीच्या खानावळी आहेत तिथं. मी चहाला उतरले आणि छिन्नीचा आवाज ऐकला. एका खानावळीच्या पुढ्यात तात्या बसले होते आणि मसाला वाटायचा पाटा गुळगुळीत झाला होता त्याला टाकी लावून खडबडीत करत होते. केस पूर्ण पांढरे. खानावळवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. "तात्या, गिऱ्हाईक बसलंय, उरका की! रस्सा काय तुमच्या बापानं वाटायचा?" "बापानं न्हाय, तुझ्या सासूनं वाटायचा," ते मान वर न करता म्हणाले. ती हसली.

मी समोर जाऊन उभी राहिले.

"या, बाई," ते म्हणाले. साधं 'बाई'. हे मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी त्या चिठ्ठीबद्दल बोलायला सुरुवात केली. जे वाक्य मी इतकी वर्षं मनात नीट बसवून ठेवलं होतं ते मध्येच अडकलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमी लिवली नसती तर दुसऱ्या कुणी लिवली असती. पर म्या गेलो नसतो."

यात क्षमा नाही, हे मला कळलं. यात हिशेब बरोबर मांडलेला होता, इतकंच.

"आता कोरीवकाम करत नाही का, तात्या?"

"करतो की. ह्ये काय करतोय?" त्यांनी पाट्यावर हात फिरवला. "पाट्याला कोण रंग देत न्हाय, बाई. आन् दिला तर ह्ये गिऱ्हाईकच वरडंल."

कंडक्टरनं घंटा मारली. मी खिडकीशी बसून मागे पाहिलं. खानावळवालीनं पाटा उचलून आत नेला होता, आणि तात्या पुढच्या खानावळीच्या दाराशी उभे राहून आत हाक मारत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

आता सईच्या प्रश्नाचं उत्तर. पुढं शाळेची पडवी पाडून रुंद केली. तीन टोपल्या राडारोड्यात गेल्या, मी चौकशी केली, सापडल्या नाहीत. चौथी जड होती म्हणून मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ टाकून दिली. मी मागच्या महिन्यात रिक्षा करून जाऊन पाहून आले. पावसापाण्यानं तिच्यावरचा रंग बराच निघून गेला आहे. हारा शाबूत आहे. त्याच्या काठावर हनुवटी टेकलेलं कोकरू आहे. त्याला कान नाहीत.